एक केस पडलेली, एक केस पेटीतली

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारलंय: 'आमच्या नव्या इमारतीत "आगीच्या प्रकरणात जिन्याचा वापर करावा" अशी पाटी लागली आहे. खाली इंग्रजीत "इन केस ऑफ फायर यूज द स्टेअरकेस" आहे. यात "प्रकरण" बरोबर आहे का? आणि "केस" या शब्दाला मराठीत नेमका एक शब्द कोणता?'

साफ चूक. 'आग लागल्यास जिना वापरावा' एवढंच हवं होतं. आगीचं प्रकरण हे आग विझल्यावर सुरू होतं. पंचनामा, विम्याचे कागद, तारखा. तोवर जिन्याची गरज कोणाला? हल्ली जिकडेतिकडे हे 'प्रकरण' कानी पडतं आणि डोकं उठतं. 'डेंग्यूची प्रकरणे वाढली' म्हणे! डेंग्यूचे रुग्ण वाढतात हो. प्रकरणं वाढतात ती मामलेदाराच्या टेबलावर, कूळ-मुंडकारांची.

'नेमका एक शब्द' मागू नका. तो नाही आणि असायचं कारणही नाही. दिवाणी असेल तर दावा, फौजदारी असेल तर खटला. बाजू भक्कम असते आणि ती मांडतात. 'इन एनी केस'ला 'काही झालं तरी', 'इन दॅट केस'ला नुसतं 'मग', आणि 'दॅट इज नॉट द केस'ला 'तसं काही नाही'. उशीला अभ्रा, चष्म्याला घर. (चष्म्याला घर देणारी भाषा मला फार आवडते.) हे सगळं कोणत्याही बऱ्या कोशात मिळेल, त्यात वेळ घालवत नाही. डोक्यावरच्या केसांचे विनोद वकील मंडळींनी करून करून झिजवलेत, तेही सोडू.

गंमत पुढेच आहे. तुमच्या पाटीवरच्या त्या इंग्रजी वाक्यात 'केस' दोनदा आलंय आणि ते दोन वेगळे शब्द आहेत. आगीची केस वेगळ्या कुळातली, जिन्याची वेगळ्या. पहिली लॅटिन 'कासुस'ची, म्हणजे 'पडणे'. दुसरी लॅटिन 'काप्सा'ची, म्हणजे पेटी. फ्रेंचच्या गाळणीतून इंग्रजीत उतरताना दोघींचा चेहरा एक झाला. गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न पडलाच नसता. त्यांच्याकडे प्रसंग, खटला आणि व्याकरणातली केस, म्हणजे विभक्ती, यांना 'काझु', आणि पेटी, खोकं, गल्ला यांना 'काय्शा'. दोन्ही शब्द उघड वेगळे, घोटाळ्याला जागा नाही. शिवाय 'काझु' हाच शब्द वाक्याच्या तोंडी बसून 'जर' असाही अर्थ देतो.

आता 'कासुस' घ्या. मूळ अर्थ पडणे. त्यावरून अचानक समोर येऊन पडलेली गोष्ट, म्हणजे प्रसंग. 'अॅक्सिडेंट' याच धातूचा, 'चान्स' याच धातूचा, 'ऑक्सिडेंट' म्हणजे सूर्य पडतो ती दिशा. व्याकरणातली केसही तीच. ग्रीक वैयाकरण नामाच्या रूपांना 'प्टोसिस' म्हणत, पडणं, ढळणं. रोमन लोकांनी त्याचं शब्दशः 'कासुस' केलं. कर्त्याचं रूप ताठ उभं, बाकीची रूपं कललेली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पापणी खाली उतरल्यावर जो 'टोसिस' ऐकू येतो तो हाच ग्रीक शब्द.

आणि मराठी? प्रसंग पडतो, प्रश्न पडतो, गरज पडते, गाठ पडते, काम पडतं. 'काम पडलं तर फोन कर' असं आपण सहज म्हणतो, तेव्हा रोमन माणसाच्या डोक्यातलंच चित्र आपल्या डोक्यात असतं. कोणी कोणाकडून उचललेलं नाही. 'इन केस'ला आमच्याकडे 'वेळ पडल्यास' हा शब्दप्रयोग तयार बसलाय. नीट बघा त्याच्याकडे. 'पडल्यास'मध्ये 'पडणे' आहे, म्हणजे 'कासुस' आहे. आणि शेवटचा 'स' कोण? चतुर्थीचा प्रत्यय. 'पडल्या' हे सामान्यरूप, त्याला 'स'. म्हणजे इंग्रजीच्या 'केस'ला मराठी केसनेच उत्तर देते, तेही एकाच शब्दात दोनदा! असा शब्द घरात असताना 'प्रकरण' भाड्याने आणणाऱ्याला काय म्हणावं?

यावर आक्षेप ठाऊक आहे. 'ल्यास' हा संकेतार्थाचा स्वतंत्र प्रत्यय, त्याचा चतुर्थीशी संबंध जोडू नये, असं काही व्याकरणशिक्षक मला ठणकावून सांगतात. त्यांचा पुरावा असा की 'करण्यास'च्या जागी 'करण्याला' चालतं, पण 'लागल्यास'च्या जागी 'लागल्याला' चालत नाही. चालत नाही, कबूल. पण एखादा प्रत्यय एका कामाला जुंपून गोठला म्हणजे त्याचं कूळ बदलतं का? हेच लोक 'स, ला, ते' हे तेच ते प्रत्यय द्वितीयेतही घोकून घेतात आणि चतुर्थीतही, निव्वळ संस्कृतच्या मुलाहिज्यासाठी. एकाच प्रत्ययाला दोन घरं देणाऱ्यांनी तिसऱ्या घरावरून कुरकुर करू नये.

शिवाय शेजारी कोंकणी बसली आहे, तिला विचारा. 'आग लागल्यास'ला ती 'उजो लागल्यार' म्हणते. तिथे 'स'च्या जागी 'र' आहे, आणि तो मी 'घरार', 'झाडार' यातला 'वर' दाखवणारा 'र'च मानतो. म्हणजे मराठी चतुर्थीने अट घालते, कोंकणी सप्तमीने. सांगाडा एकच, प्रत्यय ज्याचा त्याचा. हा 'ल्यार' म्हापशाच्या बाजारात दिवसभर कानावर पडतो, पण त्याची विभक्ती कोणती हे विचारायला कोणी थांबत नाही.

कोंकणीला लॅटिन केसच्या साच्यात प्रथम बसवलं ते फादर थॉमस स्टीफन्सनी. माणूस इंग्रज, लिहिलं पोर्तुगीजमध्ये, भाषा कोंकणी आणि चौकट लॅटिनची. ते व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापून निघालं. त्यांचं मराठी क्रिस्तपुराण त्याआधी १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही रोमी लिपीत, कारण देवनागरीचे छपाईचे खिळे इथे नव्हते.

खिळ्यांवरून दुसरी केस आलीच, पेटीची. 'अप्पर केस' आणि 'लोअर केस' यांचं 'वरचं प्रकरण, खालचं प्रकरण' असं भाषांतर मी स्वतः छापील पाहिलंय. अहो, जुळाऱ्यापुढे खिळ्यांच्या दोन खणाखणांच्या पेट्या असत. वरच्या पेटीत मोठी अक्षरं, खालच्या पेटीत लहान. पोर्तुगीजमध्ये आजही 'काय्शा आल्ता' आणि 'काय्शा बाय्शा', उंच पेटी आणि सखल पेटी. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आला, खरं तर तो अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघाला होता आणि इथेच राहिला. तेव्हा या अर्थाची 'केस' भारताने इंग्रजांकडून घेतली असं कोणी म्हटलं तर मी भांडायला तयार आहे. काय्शा आधी आली.

ही पेटी म्हणजे संस्कृतचा 'कोश', असं मानणारे एक ज्येष्ठ अभ्यासक पणजीत आहेत. त्यांच्या मते जगातली प्रत्येक पेटी वैदिक. 'काप्सा'तला 'प' ते कुठे ठेवतात कोण जाणे. तो 'धरणे' अर्थाच्या लॅटिन धातूतला आहे, फ्रेंचमध्ये गळला, आणि 'कॅप्सूल'मध्ये अजून जिवंत आहे. कॅप्सूल म्हणजे छोटी पेटी.

या पेटीतूनच 'कॅश' निघाली, आधी पैसे ठेवायची पेटी आणि मग पैसेच. पण इथेही आणखी एक जुळं आहे. मद्रासकडचं जे 'कॅश' नावाचं बारीक नाणं होतं, ८० कॅशांचा एक फणम, ते या पेटीतलं नव्हेच. ते तमिळ 'कासू'. पोर्तुगीजांच्या कानाला 'कासू' आपल्या 'काय्शा'सारखा लागला, त्यांनी तसाच लिहिला, आणि इंग्रजांनी पुढे पेटीही 'कॅश' आणि नाणंही 'कॅश' करून टाकलं. 'कासू'चं नातं संस्कृत 'कर्ष'शी लावतात. पणजीच्या त्या अभ्यासकांना वैदिक काही हवंच असेल तर इथे शोधावं.