रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली वीज: वाचकांचे प्रश्न

ईसीजीत हृदयाची वीज उमटते, मग रक्तवाहिन्यांची का नाही? (दापोली)

हृदयात सोडियमचे दरवाजे फटकन उघडतात, एकच लाट सगळीकडे पसरते आणि ती छातीवर पकडता येते. धमनीच्या भिंतीतल्या अपट्टकी (पट्टे नसलेल्या, आपोआप चालणाऱ्या) स्नायूंत बहुधा अशी लाट नसतेच. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा उणे 40 ते 60 मिलिव्होल्ट असतात. ते थोडे-थोडे वरखाली होतात आणि तेवढ्यानं नळी आवळते किंवा सैलावते. हृदय म्हणजे दिव्याचं बटण, धमनी म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर.

शहाळ्यातल्या पोटॅशियमनं रक्तवाहिन्या सैल होतात का? (गुहागर)

थेट नाही, पण प्रश्न मोठा छान आहे. पेशीबाहेर पोटॅशियम लिटरला सुमारे 5 मिलिमोल असतं, आत 140. या तफावतीनं पोटॅशियमची ओढ पेशीला उणे 88 मिलिव्होल्टकडे नेते. पण त्याचे दरवाजे थोडेच उघडे, म्हणून पेशी उणे 45 च्या आसपास रेंगाळते. राबत्या स्नायूत बाहेरचं पोटॅशियम 12 वर गेलं की ओढ उणे 65 पर्यंत घटते, मात्र दरवाजे जास्त उघडतात. पेशी उणे 65 कडे सरकते, स्नायू आवळणाऱ्या कॅल्शियमची वाट बंद होते, धमनी रुंदावते. तेच 60 केलं तर ओढ उणे 22, कॅल्शियम आत घुसतं आणि धमनी करकचून आवळते. प्रयोगशाळेत धमनीचा तुकडा जिवंत आहे का, हे असंच तपासतात.

शहाळं पिऊन रक्तात असे आकडे येत नाहीत; आले तर हृदयच थांबेल. फायदा मूत्रपिंडामार्फत होतो: लघवीतून सोडियम जास्त जातं. सोबत रोज खारा बांगडा असेल तर हिशेब फिटला. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकणारी रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर शहाळं डॉक्टरांना विचारूनच.

रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनं घोटे सुजतात. पाणी काढणारी गोळी घेऊ? (मालवण)

नको, फारसा उपयोग होत नाही. अ‍ॅम्लोडिपिन कॅल्शियमचे दरवाजे अडवते. बारीक धमन्या सैलावतात, शिरा तितक्या नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. डॉक्टर डोस 10 वरून 5 मिलिग्रॅम करतात किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध जोडतात, त्यानं शिराही सैलावतात. अ‍ॅम्लोडिपिन आपणहून सोडू नका. सूज एकाच पायाला असेल किंवा दम लागत असेल, तर कारण वेगळं, लगेच दाखवा.

बंदरावर बर्फातली मासळी निवडताना बोटं पांढरी पडतात. (रत्नागिरी)

थंडीत बोटांच्या धमन्या नॉरअ‍ॅड्रेनलिनला (रक्तवाहिन्या आवळायला लावणारं, नसांतून सुटणारं रसायन) जास्त जुमानतात. रबरी हातमोज्यांच्या आत लोकरीचे घाला, तंबाखू-बिडी सोडा. बोटाला जखम झाली किंवा रंग परतेना, तर थांबू नका.