वाचक विचारतात : योहान क्रायफ आणि आपलं मुरमाड मैदान

प्रश्न : क्रायफ यांच्याकडे कोचिंगचा रीतसर परवाना नव्हता म्हणे. मग थेट मोठा संघ कसा मिळाला? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

नव्हता, हे खरं. क्रायफ हे नेदरलँड्सचे गाजलेले फुटबॉलपटू, पुढे कोच झाले. म्हणूनच १९८५ मध्ये नेदरलँड्सच्याच आयाक्स क्लबने त्यांना घेतलं ते तांत्रिक संचालक या हुद्द्यावर. संघ चालवत मात्र तेच. खेळाडू म्हणून पाठीशी शिदोरी मोठी होती. आयाक्सकडून १९७१ ते ७३ सलग तीन युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा), तीनदा बॅलन डी'ऑर (युरोपातल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब), १९७३ मध्ये बार्सिलोनात दाखल होऊन पहिल्याच हंगामात लीग. आयाक्सच्या कोचपदाच्या पहिल्या हंगामात संघाने लीगच्या ३४ सामन्यांत १२० गोल केले आणि तरी लीग पीएसव्ही या दुसऱ्या डच क्लबने नेली. १९८७ मध्ये कप विनर्स कप (युरोपातल्या देशोदेशींच्या कप विजेत्यांची स्पर्धा) आला. १९८८ ते ९६ बार्सिलोना : १९९१ पासून सलग चार लीग, आणि २० मे १९९२ ला लंडनच्या वेम्बलीवर इटलीच्या सॅम्पडोरियाविरुद्ध जादा वेळेत बचावपटू कूमनच्या फ्री किकवर क्लबचा पहिला युरोपियन कप.

त्यांची ही वाट तुम्ही धरू नका. कोच व्हायचं असेल तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना आधी करून घ्या.

प्रश्न : शाळेच्या संघाला त्यांची ३-४-३ रचना शिकवावी का? (क्रीडाशिक्षक, अशोक चौक)

चौदा वर्षांखालच्या मुलांना नको. ३-४-३ म्हणजे मागे तीन, मधे चार, पुढे तीन खेळाडू. मागे तिघेच असले की पूर्ण मैदानाची सुमारे ६८ मीटर रुंदी तिघांत वाटली जाते. बार्सिलोनात हे निभावलं, कारण बॉल गेल्या क्षणी पुढचे सगळे मिळून तो परत हिसकावायला धावत आणि गोलकीपर पुढे येऊन मागची जागा राखायचा. हे दोन्ही जमलं नाही की काय होतं, ते १९९४ च्या अथेन्समधल्या चॅम्पियन्स लीग (आधीचा युरोपियन कप) फायनलमध्ये दिसलं. बारेसी आणि कोस्टाकुर्टा हे बचावपटू निलंबित असतानाही इटलीच्या मिलानने बार्सिलोनाला ४-० ने धुतलं. मिलानच्या सावित्सेविचने पुढे आलेल्या गोलकीपर झुबिझारेटाच्या डोक्यावरून बॉल जाळ्यात टाकला. क्रायफ यांच्याकडून घ्यायचं असेल तर खेळाडूंमधलं अंतर घ्या. त्याची सुरुवात रोंडोपासून, म्हणजे बॉल हिसकावणाऱ्यांना चुकवत छोट्या चौकोनात पास देत राहण्याच्या सरावापासून होते.

प्रश्न : रोंडो आमच्या टणक मैदानावर कसा घ्यायचा? मुलं १४, बॉल दोनच. (क्रीडाशिक्षक, होटगी रोड)

दोन बॉल पुरेसे आहेत. सात-सात जणांचे दोन गट करा. फक्कीने १० बाय १० मीटरचा चौकोन आखा, अगदी नवी मुलं असतील तर १२ बाय १२. चार बाजूंना चौघे, मधोमध एक आणि बॉल हिसकावणारे दोघे. मधला मुलगा सगळ्यात महत्त्वाचा. बार्सिलोनात पुढे मधल्या फळीतला ग्वार्दिओला जे काम करायचा, ते त्याचं.

दोन मिनिटं खेळ, अर्धा मिनिट विश्रांती, मग हिसकावणारी जोडी आणि मधला मुलगा बदला. ज्याचा बॉल गेला तो आत, हा नियम लावू नका; कच्चं पोर सतत आतच राहतं आणि त्याला पास द्यायचा सरावच मिळत नाही. अशा सहा फेऱ्या म्हणजे पाऊण तासाच्या सरावाची पहिली १५ मिनिटं.

मुलं कोपऱ्यात जाऊन उभी राहतात, ही नेहमीची चूक. कोपऱ्यातून पासच्या दिशा कमी होतात. बाजूच्या मध्यावर उभं करा आणि दर पासला दोन-तीन पावलं सरकायला लावा. दुसरी चूक : बॉल जवळच्या पायावर घेणं. लांबच्या पायावर घेतला की अंग आपोआप मैदानाकडे उघडतं आणि पुढचा पास दिसतो.

मुरमावर बॉल उसळतो, म्हणून एका टचचा हट्ट सोडा. दोन टच ठेवा. हवा नियमातल्या खालच्या मर्यादेजवळ, साडेआठ-नऊ पीएसआय ठेवा. सुई ओली करून घाला, नाहीतर आतला व्हॉल्व्ह फाटतो. बॉल उन्हात पडून राहिला तर हवा फुगते, तेव्हा सरावाच्या तोंडावर तपासा. बारा वर्षांपर्यंत चार नंबर, पुढे पाच नंबर. आदल्या संध्याकाळी चौकोनातले खडे वेचून पाणी मारा. एप्रिल-मे महिन्यांत आठच्या आत आटपा.

प्रश्न : 'क्रायफ टर्न' करताना बॉल माझ्याच पायाला लागतो. (नववीतला खेळाडू, सात रस्ता)

क्रायफ टर्न म्हणजे किकचा आव आणून बॉल उभ्या पायामागून ओढत वळणं. त्यात तुम्ही उभा पाय बॉलच्या बरोबरीने ठेवत असणार. तो वीतभर पुढे आणि वीतभर बाजूला टाका, म्हणजे बॉलला त्याच्या मागून जायला वाट राहते. आता क्रॉस (कडेवरून गोलसमोर उंच पास) मारायचाय असा पाय पूर्ण मागे न्या, हातही फेका. पाय खाली येताना बॉलच्या पुढून नेऊन, अंगठा आत वळवून, पंजाच्या आतल्या बाजूने बॉल मागे ओढा. ओढता ओढता खांदा वळवा आणि पहिली तीन पावलं जोरात टाका. १९ जून १९७४ ला विश्वचषकात स्वीडनचा यान ओल्सन क्रायफ यांच्यापुढे फसला तो किकच्या आवेशाला. आवेश अर्धवट असेल तर समोरचा हलणारच नाही. आधी चालत करा, मग धावत. मुरमावर उभा पाय घसरतो, म्हणून लांब स्टडचे बूट नकोत. रबरी, बारीक गुठळ्यांच्या तळाचे घाला.