स्टँडबायवर अरुबाला निघण्यापूर्वी

विमान कंपनीच्या नोकरीत मिळालेले बडी पास, म्हणजे जागा रिकामी राहिली तरच (स्टँडबायवर) प्रवास करू देणारे सवलतीचे पास, पहिल्यांदाच मित्रांना देऊन तुम्ही पाच जण अमेरिकेहून अरुबा या कॅरिबियन बेटावर निघाला आहात, तेव्हा पाचही जागा एकाच विमानात मिळतील ही आशा आधीच सोडा. प्रतीक्षायादीत बडी पासवाल्यांचा क्रम सहसा तळाशी असतो, आणि सगळ्यांची नावे एकाच नोंदीत घातली तर तीन जागा रिकाम्या असूनही पाचही जण मागे राहू शकतात. म्हणून दोन आणि तीन अशा वेगळ्या नोंदी करा व खोलीचे आरक्षण आधी पोहोचणाऱ्याच्या नावावर ठेवा. शनिवार टाळलेलाच बरा.

सामान हातातच न्या. एकदा माझी सकाळच्या विमानातली जागा हुकली आणि खाली दिलेली बॅग परत मिळवण्यात दुपारचे विमानही गेले. पोहण्याचे कपडे अर्थातच त्या बॅगेत होते.

जाणे त्या मानाने सोपे, खरी कसोटी परतीची. अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम तपासणी अरुबाची राजधानी ओरान्येस्टाडच्या विमानतळावरच होते, त्यामुळे जागेची खात्री नसतानाही रांगेत उभे राहून ती वेळेत पार करावी लागते, आणि गेटवर नाव पुकारले गेले नाही तर पुन्हा बाहेर यावे लागते. तीन तास आधी पोहोचा, सुट्टीचे दोन दिवस हाताशी ठेवा आणि प्रत्येकाच्या कार्डावर पूर्ण दराच्या एका तिकिटाइतकी रक्कम शिल्लक आहे ना, हे निघण्यापूर्वी स्पष्ट विचारा, मग ते कितीही अवघड वाटो.