वही कोरी, खिसे भरलेले

"शाळा मुलांना पानं गोळा करायला बाहेर नेते. मग शिकवते कधी?" शरद ऋतू लागला, पानगळ सुरू झाली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आया तो काळजीने विचारतात, बाबा जरा चिडून. त्यातली एक केस सविस्तर सांगते. पालकांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीतला. त्याच्या बाई आठवड्यातून दोन सकाळी वर्गाला जवळच्या झाडीत नेत होत्या. आई आली ती वही घेऊनच. माझ्यासमोर उघडून ठेवली. एका पानावर खडूने उमटवलेला पानाचा ठसा, खाली वाकडंतिकडं "पान" लिहिलेलं, पुढचं पान कोरं. "मॅडम, याची मोठी बहीण दुसरीत होती तेव्हा तिची अर्धी वही भरली होती या दिवसांत," त्या म्हणाल्या. मग एकामागून एक सगळं बाहेर आलं. वाचताना अडखळतो. लिहायचा कंटाळा करतो. कपडे मातीने माखून येतो. गारठ्यात फिरून सर्दी होते. शेवटी त्यांनी सांगितलं, की बाहेर न्यायच्या दिवशी याला वर्गातच बसवा आणि राहिलेलं लिखाण पूर्ण करून घ्या, असं त्या बाईंना सांगून आल्या होत्या. बाईंनी नाइलाजाने मान डोलावली होती.

पालक एक काळजी म्हणून जे सांगतात त्यात बहुतेक वेळा तीन-चार काळज्यांचा गुंता असतो. तो सोडवल्याशिवाय सल्ला देण्यात अर्थ नाही. मी कागदावर दोन रकाने आखले: काय बिघडलंय आणि कधीपासून. वाचनातलं अडखळणं पहिलीपासूनचं निघालं. बाहेर जाणं याच शरदात सुरू झालेलं. त्या कागदाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्याचा याच्याशी संबंध नाही?" कारण म्हणून तरी नाही, एवढंच मी तेव्हा सांगितलं.

पुढच्या वेळी मुलाला बोलावलं. "खिशात जे असेल ते घेऊन ये," असा निरोप दिला होता. तो पिशवीच घेऊन आला. आईला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि मध्ये बोलायचं नाही अशी अट घातली. ही अट पाळणं आयांना फार जड जातं.

त्याने आधी पाइनचे दोन शंकू काढले. वाळलेले, खवले उघडलेले.

"हा बंद होतो," तो म्हणाला.

"कोण बंद करतं?"

"कोणी नाही. ओला झाला की आपोआप."

"झाडावरून गळून पडलेला, मेलेला असला तरी?"

हा प्रश्न त्याला पटला. वाडग्यात पाणी घेतलं, एक शंकू त्यात बुडवून ठेवला. तो बंद व्हायला वेळ लागतो, म्हणून मधल्या वेळात पानं काढली. रंगांप्रमाणे लावेल असं मला वाटलं होतं. त्याने ती कडांप्रमाणे लावली: दातेरी कडांची एकीकडे, सरळ कडांची दुसरीकडे. तिसरा ढीग छोटा होता. "ही किड्यांनी खाल्लीत. यांचं ठरवता येत नाही." पुरावा अपुरा असेल तर निकाल द्यायचा नाही, हे मोठ्यांनाही सहज जमत नाही.

मग एक पान वेगळं काढून म्हणाला, "हे पडलेलं नाही, कुणीतरी तोडलंय." कशावरून, विचारल्यावर त्याने दोन देठांची टोकं माझ्या डोळ्यांजवळ धरली. एकाचं टोक गुळगुळीत, जणू झाकण बसवलेलं. दुसऱ्याचं फाटलेलं, तंतू लोंबणारं. निरीक्षण अगदी बरोबर होतं. दिवस लहान होऊ लागले की पानझडी झाडात देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. तिथूनच पान सुटतं आणि फांदीवरची जागा झाड आतून बंद करून घेतं. त्याच सुमारास पानातलं हरितद्रव्य मोडत जातं. पिवळा रंग आधीपासून पानात असतोच, हिरवा ओसरला की तो दिसू लागतो. लाल रंग मात्र बहुतेक झाडं त्या दिवसांत नव्याने बनवतात. यातलं काहीही मी त्याला सांगितलं नाही. ते बाईंचं काम, आणि घाईही नव्हती.

तासाभराने शंकू बऱ्यापैकी मिटला होता. खवल्याचे दोन थर ओलाव्याने कमी-जास्त फुगतात, म्हणून तो आतल्या बाजूला वळतो. त्यासाठी जिवंत असण्याची गरज नसते. कोरड्या हवेत तो उघडतो आणि पंख असलेलं हलकं बी वाऱ्यावर दूर जातं. मुलाचं म्हणणं, "हा पाणी प्यायला." मग जड झाला असेल का, विचारल्यावर त्याने वजनकाटा मागितला. माझ्याकडे नव्हता. कपड्यांचा हँगर दिला, दोन टोकांना दोन पिशव्या अडकवल्या. ओल्या शंकूची बाजू खाली गेली. मी खूश. तो नाही.

"पण हा आधीपासूनच जड असेल तर?"

कोपऱ्यातून आई पुढे सरकल्या. अट मोडून म्हणाल्या, "अरे, मग आधी मोजायला हवं होतं ना!" तो म्हणाला, "तेच तर." आणि दुसरा, कोरडा शंकू घेऊन मायलेकांनी प्रयोग पुन्हा कसा करायचा यावर वाद सुरू केला. कुणाच्याही शिकवण्याशिवाय त्याला तुलनेचा नियम सापडला होता.

तरीही निघताना आईंनी विचारलंच, "हे सगळं खरं, पण वहीत कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे, आणि शाळेच्या बाजूने बोलायचं म्हणून मी तो उडवून लावत नाही. बाहेर नेलं म्हणजे शिकवलं, असं मी मानत नाही. मुलं जाताना कुठला प्रश्न घेऊन निघाली नाहीत आणि परत आल्यावर कुणी काही बोललं नाही, तर तो फेरफटका झाला. फेरफटकाही चांगलाच, पण त्याला शिकणं म्हणू नये. म्हणून पालकांना मी सांगते की "किती लिहिलं" हे विचारू नका. बाईंना विचारा, आज काय शोधायला गेले होते, काय वेगळं निघालं आणि परत आल्यावर त्याचं पुढे काय केलं. उत्तर गुळमुळीत आलं तर काळजी खरी आहे.

या बाईंचं उत्तर गुळमुळीत नव्हतं. मोजणी तोंडी होत होती, ढीग जमिनीवरच लागत होते, लिखाण मात्र त्या ऐच्छिक ठेवत होत्या. आमच्या बोलण्यातून एवढंच ठरलं की प्रत्येक मुलाने परतल्यावर सापडलेल्या वस्तूसाठी एक चिठ्ठी लिहायची, एक वाक्य, आणि ती वस्तूसोबत वर्गात मांडायची. या मुलाने पहिली चिठ्ठी लिहिली: "हे पान तोडलेले आहे." चार शब्द, पण ते स्वतः शोधलेल्या गोष्टीबद्दल होते आणि वर्गातली बाकीची मुलं येऊन वाचत होती. फळ्यावरचं उतरवताना कंटाळणारा मुलगा चिठ्ठीतली चूक खोडून पुन्हा लिहायला तयार झाला. लिहिणाऱ्या बोटांना चिमटीत धरणं, फाडणं, दोरा बांधणं, माती दाबणं यांचा सराव लागतो, आणि तो बाहेर आपसूक होतो.

सर्दीबद्दल थोडक्यात. सर्दी विषाणूंमुळे होते आणि बंद, गर्दीच्या खोलीत ती जास्त पसरते. अंगावर थरांचे कपडे, कोरडे मोजे आणि खाण्याआधी साबणाने हात, एवढं पाळलं की पुरतं. खरी सक्ती हवी ती वेगळ्याच बाबतीत: अनोळखी फळं, बिया, अळंबी तोंडात घालायची नाहीत. या दिवसांत त्या सगळीकडे पडलेल्या असतात आणि दिसतातही मोहक.

डोळ्यांचा मुद्दा बाबांना जास्त पटला. चीनमधल्या ग्वांगझूच्या १२ प्राथमिक शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं, बाकीच्या शाळांत सुमारे ४० टक्के. लागलेला चष्मा यामुळे जात नाही. पण तो लागण्याचं प्रमाण कमी झालं, तेही मुलांना कसलं औषध न देता.

आता राहिलं वाचन, जे मुळात वेगळं दुखणं होतं. घरी रोज रात्री पंधरा मिनिटं आई-बाबांपैकी एकाने सोबत बसून वाचायचं, चुकलं तर लगेच टोकायचं नाही, असं ठरलं. आठवड्यातून एकदा तो वर्गातल्या चिठ्ठ्या घरी आणून मोठ्याने वाचत असे, त्या त्याला सोप्या जात. सत्र संपेपर्यंत सुधारणा झाली, पण जोडाक्षरांवर तो अजून थबकतो आणि ओळखीचा शब्द पुढच्याच ओळीत पुन्हा आला तरी नव्याने फोडून वाचतो. एवढ्या सरावानंतर हे राहिलं तर थांबून बघत बसू नये, म्हणून वाचनाच्या तपासणीसाठी मी त्यांना विशेष शिक्षकांकडे पाठवलं आहे. तपासणीच्या तारखा बाहेर जायच्या सकाळी येत होत्या. आईंनी फोन करून त्या बदलून घेतल्या.