परदेशातलं सरकार कोसळणार हे गुप्तचरांच्या अहवालात आधी का येत नाही?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, की ५ ऑगस्ट २०२४ ला बांगलादेशची सत्ता सोडून आलेल्या शेख हसीना दिल्लीजवळच्या हिंडनच्या हवाई तळावर उतरल्या तेव्हा टीव्हीसमोर बसून तुमचा संताप झाला. एवढ्या यंत्रणा पोसतो आणि शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळत नाही? आणि शेवटी टोमणा: "हे अहवाल लिहिणारे नक्की करतात तरी काय?"

त्या टोमण्यामुळेच लिहायला बसले. मी असले अहवाल लिहायचे. सरकारसाठी नाही, मुंबईतल्या एका खाजगी कंपनीसाठी, नऊ वर्षं. आमची गिऱ्हाइकं म्हणजे उधारीवर माल पाठवणारे निर्यातदार. कोलंबोच्या किंवा ढाक्याच्या पार्टीला नव्वद दिवसांच्या उधारीवर औषधं, सूत, सुटे भाग द्यावेत का, तिथलं सरकार तोवर जागेवर असेल का, बँकेत डॉलर असतील का, एवढंच त्यांना हवं असायचं. माझ्याकडे श्रीलंका, बांगलादेश आणि मालदीव होते. गुप्त असं काही नाही. मध्यवर्ती बँकांचे आकडे, तिकडची वर्तमानपत्रं, बंदरावरची माणसं आणि फोन. सरकारी टेबलावर याहून बरंच जास्त येतं, पण कागद तिथूनही खालून वर जाताना बदलतो, असं त्या बाजूची माणसं भेटली की सांगतात.

तर श्रीलंका.

मी सांगलीची. वडील मार्केट यार्डात हळदीचे अडते. २०२० च्या पावसाळ्यात लॉकडाउनमुळे मी घरून काम करत होते, म्हणजे आमच्या माडीवरून. एक दिवस अण्णा सौद्यावरून आले आणि हात धुता धुता म्हणाले, "ईरोडचा व्यापारी सांगत होता, रामेश्वरमकडनं होडीतनं हळद चाललीया. रातोरात. लंकेला."

मला हसू आलं. म्हटलं, "अण्णा, हळद आहे ती, सोनं नव्हे."

"तिकडं सोन्याच्याच भावानं इकतीया. सरकारनं आयात बंद केलीया की."

ते खरं होतं. श्रीलंकेनं हळदीच्या आयातीवर बंदी घातली होती. सांगायचं कारण होतं स्थानिक शेतकऱ्याचं भलं. पण त्यांचं पीक त्यांच्या रोजच्या कालवणाला पुरणारं नव्हतं, त्यामुळे आपल्याकडे किलोला शंभराच्या आसपास असलेली हळद तिथे काही हजार श्रीलंकन रुपयांवर गेली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोलीस हळदीची पोती पकडत होते. मार्च २०२० पासून मोटारींची आयातही बंद होती. मोटारी बंद करणं समजू शकतं. जेवणातली हळद बंद करणारं सरकार डॉलर मोजत बसलेलं असतं, हे मला अण्णांनी सांगितलं, कुठल्याही रेटिंग संस्थेनं नाही. मी ते पुढच्या टिपणात दोन ओळींत लिहिलं. ऑफिसातल्या आमच्या सरांनी, म्हणजे साहेबांनी, काढून टाकलं. म्हणाले, "हळद काय लिहितेस? आपण मसाल्याचं दुकान नाही."

पुढचं तुम्ही पेपरात वाचलंच असेल, पण त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २०१९ ला गोटाबाया राजपक्षे निवडून आले आणि लगेच व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला. कर गेले, मग कोरोनात पर्यटक गेले. २०१९ अखेर साडेसात अब्ज डॉलरच्या वर असलेली परकीय चलनाची गंगाजळी जुलै २०२१ ला तीन अब्जांच्याही खाली आली. मे २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका रात्रीत बंद, नाव सेंद्रिय शेतीचं. ती नोव्हेंबरात उठवली, तोवर भाताचं जायचं ते नुकसान झालं होतं. ऑगस्टच्या शेवटी साखर-तांदळासाठी आणीबाणीचे अधिकार. यातलं एक तरी गुपित आहे का? सगळं जाहीर, राजपत्रात छापलेलं.

सप्टेंबर २०२१ च्या अहवालात मी वाक्य लिहिलं: "येत्या बारा महिन्यांत श्रीलंका परकीय कर्ज थकवेल, शक्यता दहात सात."

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "हे सात कुठून आणलंस?"

मी आकडे मांडले. पुढच्या वर्षाचे हप्ते, हातातले डॉलर, तेलाचं बिल.

"ते ठीक आहे गं. पण सातच का? सहा का नाही? उद्या नाही झालं तर गिऱ्हाईक मला विचारेल."

आणि अहवाल बाहेर गेला तेव्हा माझ्या वाक्याच्या जागी होतं: "श्रीलंकेकडून कर्जफेडीत अडचणी येण्याची शक्यता नाकारता येत नाही."

हे वाक्य ओळखीचं वाटलं असेल. हवामानापासून मंत्रिमंडळ विस्तारापर्यंत रोज ऐकतो आपण. "शक्यता नाकारता येत नाही" या वाक्याला खोटं ठरवणारी घटना अजून घडायची आहे. देश बुडाला तरी खरं, तरला तरी खरं. आमच्या एका गिऱ्हाइकानं, सुट्या भागांच्या व्यापाऱ्यानं, ते वाचून कोलंबोला माल पाठवला. त्यानं नंतर मला फोनवर विचारलं, "मॅडम, तुम्ही नाही म्हणाला होतात की हो?" मला उत्तर देता आलं नाही.

हा रोग फक्त आमच्या कंपनीचा नाही. १९५१ ला सीआयएनं एक अंदाज लिहिला, की सोव्हिएत गटाकडून युगोस्लावियावर हल्ला होण्याची "गंभीर शक्यता" आहे. नंतर परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? अहवालाशी संबंधित शर्मन केंट म्हणाला, पासष्टास पस्तीस. समोरचा चपापला, त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंटनं आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, ज्यांनी त्या शब्दावर एकमतानं सही केली होती. कुणाच्या मनात वीस टक्के होते, कुणाच्या मनात ऐंशी. पुढे त्यानं कुठल्या शब्दाचा अर्थ किती टक्के धरायचा याचं कोष्टक बनवलं, आणि त्याच्याच लोकांनी ते वापरायला कुरकुर केली. मी हा किस्सा सरांना प्रिंट काढून दिला होता. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. मुद्दाम नसेल ठेवला.

तुमचा प्रश्न गुप्तचरांचा होता, तिकडे येते. माझं मत असं, की चूक बहुतेक वेळा माहितीत नसते, कुणाकडून घेतली त्यात असते. इराणचं उदाहरण घ्या. तेहरानमधल्या अमेरिकनांनी तिथल्या राजाला, म्हणजे शहाला, राग येऊ नये म्हणून विरोधकांशी संबंध जवळजवळ तोडले होते आणि विरोधकांची खबर घ्यायचे ती शहाच्याच गुप्त पोलिसांकडून, सावाककडून. शहाविरोधी धर्मगुरू खोमेनींच्या भाषणांच्या कॅसेट बाजारात हातोहात फिरत होत्या. तरी ऑगस्ट १९७८ मध्ये सीआयएच्या कागदावर आलं, की इराण क्रांतीच्या काय, क्रांतिपूर्व अवस्थेतही नाही. १६ जानेवारी १९७९ ला शहा विमानात बसून निघून गेला.

ढाक्याचं मला तसंच वाटतं. एका पक्षाशी, एका घराण्याशी इतकी वर्षं सोयरीक केली की बाकीचे तुमच्याशी बोलत नाहीत, आणि जे बोलतात ते तुम्हाला आवडेल तेच सांगतात. जानेवारी २०२४ ची निवडणूक मुख्य विरोधी पक्षाविना झाली. महागाई दहा टक्क्यांच्या जवळ. शिकलेल्या पोरांना सरकारी नोकरीशिवाय धड काही नाही, आणि ५ जूनला उच्च न्यायालयानं स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा ३० टक्के कोटा परत आणला. काड्या, रॉकेल, वारा, सगळं होतं. आपल्या यंत्रणांनी काय लिहिलं होतं ते त्यांच्या फायलींत आहे. टीव्हीवर बसून जे छातीठोक सांगतात, की काहीच माहीत नव्हतं किंवा सगळं माहीत होतं, त्यांनी त्या फायली पाहिलेल्या नाहीत. कुणीतरी खाली बसून स्पष्ट वाक्य लिहिलं असेल आणि वर कुणीतरी ते नाकारता न येणारं करून टाकलं असेल, अशी मला दाट शंका आहे. दहात सहा धरा.

आता माझ्या बाजूचं जरा कमीपणाचं. हे सांगितलं नाही तर माझ्या जुन्या ऑफिसातलं कुणीतरी खाली येऊन सांगेलच.

एक. सप्टेंबरच्या त्याच टिपणात मी असंही लिहिलं होतं, की जानेवारी २०२२ चे ५० कोटी डॉलरचे रोखे श्रीलंका फेडू शकणार नाही. १८ जानेवारीला त्यांनी फेडले. पूर्ण. सरांनी सकाळी सकाळी बातमीची लिंक पाठवली, सोबत फक्त एक हसरा चेहरा. मी चिडून म्हटलं, की हे शहाणपण नव्हे, घरात तांदूळ नसताना सावकाराला नोटा मोजून देणं आहे. डिसेंबरात गंगाजळी १.६ वरून ३.१ अब्ज दिसायला लागली होती, ती चीनशी झालेल्या दहा अब्ज युआनच्या चलन-अदलाबदलीच्या करारामुळे, आणि ते युआन असे, की तीन महिन्यांच्या आयातीपुरती गंगाजळी असल्याशिवाय हात लावायचा नाही. शेजारणीचे दागिने घालून लग्नाला जाण्यातला प्रकार. अर्थात ही अट उघड झाली २०२२ मध्ये, म्हणजे मीही तेव्हा पश्चातबुद्धीनंच बोलत असणार.

दोन, आणि हे जास्त लागतं. श्रीलंकेनं आपला रुपया बाजारभावावर मोकळा सोडल्यावर, मार्च २०२२ च्या मध्यावर, मी लिहिलं: "आर्थिक संकट तीव्र होईल, परंतु राजपक्षे कुटुंब वर्षभर तरी सत्तेवर राहील, शक्यता दहात आठ." माझा हिशेब सरळ होता. २२५ पैकी १४५ जागा त्यांच्या पक्षाच्या, भाऊ पंतप्रधान, दुसरा भाऊ अर्थमंत्री, लष्कर ओळखीचं. त्याच सुमारास कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या होत्या. ती बातमी मी वाचली आणि आयातीच्या रकान्यात टाकली. परीक्षा न झालेली पोरं आणि गॅससाठी रांगेत उभे त्यांचे आईबाप दुसरीकडे कुठेतरी जमा होतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ३१ मार्चला मिरिहानाला राष्ट्राध्यक्षांच्या घरासमोर लोक जमले. १२ एप्रिलला कर्ज थकवल्याची घोषणा झाली, माझ्या बारा महिन्यांतल्या सातव्या महिन्यात. ९ मेला पंतप्रधान असलेल्या भावानं, महिंदांनी, राजीनामा दिला, ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले, १३ ला गोटाबाया लष्करी विमानानं मालदीवला. मालदीवही माझ्याच टेबलावर होता, हा एक वेगळाच विनोद.

आणि मजा बघा, ते दहात आठवालं वाक्य सरांनी जसंच्या तसं जाऊ दिलं होतं. एक स्वल्पविरामही हलवला नाही. गिऱ्हाइकांना तेच ऐकायचं होतं ना. नऊ वर्षांत माझा जो आकडा छापून आला तो हा एकच.

त्यामुळे तुम्ही विचारलंत त्याचं अर्धं उत्तर असं: पैसा कधी संपणार ते बऱ्यापैकी सांगता येतं, माणसं कधी उठणार ते मला तरी आलं नाही. हळदीवरून लगेच देश ओळखायला जाऊ नका. अण्णांनी त्यानंतर पाकिस्तानही बुडणार म्हणून सांगितलं होतं, तेवढ्याच खात्रीनं. पाकिस्ताननं जून २०२३ च्या अखेरीस नाणेनिधीशी तीन अब्ज डॉलरचा करार करून वेळ मारून नेली. अण्णा म्हणतात, अजून वर्षं गेलीत कुठं.

असा कुठलाही अहवाल, सरकारी असो की टीव्हीवरच्या तज्ज्ञाचा, हातात आला तर एकच विचारा: दहात किती? आणि कधीपर्यंत? उत्तर देत नसेल तर रद्दीत घाला.

मी नोकरी २०२३ ला सोडली. मागच्या वर्षी आमच्या जुन्या सरांचं एक वेबिनार होतं, "शेजारी देशांतील जोखीम" असं काहीतरी. मी नाव न दिसेल अशी बसले होते. तिसऱ्या स्लाइडवर सप्टेंबर २०२१ चा अहवाल, पिवळ्या रंगानं अधोरेखित: कर्जफेडीत अडचणी येण्याची शक्यता नाकारता येत नाही. सर म्हणाले, "आम्ही सात महिने आधी सांगितलं होतं." मी चॅटमध्ये टाइप केलं, "दहात किती, सर?" सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत.