वाचकांचे प्रश्न : वावरात हरवलेली नाणी आणि धातुशोधक यंत्र

प्रश्न : माझ्या आजीच्या गळ्यात अकरा कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातील चांदीच्या, रुपयांची माळ असे. सुमारे ३५ वर्षांपूर्वी कपाशीचे निंदण चालू असताना ती तुटली. त्या दिवशी दोन रुपये सापडले, बाकीचे नऊ काळ्या मातीत गेले. जागा साधारण ठाऊक आहे; विहिरीच्या वरच्या धुऱ्यापासून (बांधापासून) वीस-पंचवीस पावलांवर. आता आजी राहिली नाही, परंतु आईची फार इच्छा आहे की ते रुपये मिळावेत. शहरातील एक विक्रेता दहा फूट खोलीवरचे सोने-चांदी वेगवेगळे ओळखणारे यंत्र देतो म्हणतो. ते घ्यावे काय?
— एक शेतकरी वाचक, जि. वाशीम

उत्तर : आपल्या आजींचे रुपये त्या वावरातच असण्याची शक्यता दाट आहे, कारण ज्यात ९१.७ टक्के चांदी आहे असा कलदार रुपया ३५ वर्षांत मातीत नाहीसा होत नाही. फार तर तो काळवंडतो. मात्र त्या विक्रेत्याचे यंत्र आपण घेऊ नये, आणि त्यामागचे कारण नीट समजून घ्यावे.

धातुशोधक यंत्राच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात विजेचे भोवरे उठतात आणि त्या भोवऱ्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तबकडीपर्यंत परत येते. जाताना आणि येताना, असे दोनदा हे बळ घटत असल्यामुळे तबकडीपासून काही अंतर पडल्यावर, वस्तू दुप्पट खोल गेली की परतीचा संकेत ढोबळमानाने चौसष्टाव्या हिश्शावर येतो. म्हणूनच एकट्या नाण्यासाठी चांगल्या यंत्राचीही पोहोच साधारण १५ ते २५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर असते. मोठा लोखंडी पत्रा किंवा हंडा अधिक खोलीवरून कळू शकतो, रुपया कळत नाही. राहिला प्रश्न सोने-चांदी वेगळे ओळखण्याचा. यंत्राला धातूचे नाव कळत नाही. वस्तूतून वीज किती सहज वाहते, ती केवढी आहे आणि कशी पडली आहे, या साऱ्यांचा मिळून एक आकडा ते दाखवते, आणि बारीक सोन्याच्या अंगठीचा व चुरगळलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा आकडा सारखा येऊ शकतो.

आपल्या भागात याहून मोठी अडचण मातीची आहे. पश्चिम विदर्भातील काळी माती काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली असून तिच्यात चुंबकीय लोहकण असतात. यंत्राला ही माती स्वतःच धातूसारखी भासते आणि नाण्याचा क्षीण आवाज तिच्या गोंगाटात बुडतो. त्यामुळे ज्या यंत्रात जमिनीशी जुळवून घेण्याची सोय हाताने करता येते, किंवा जे एकाच वेळी अनेक कंपनसंख्यांवर (फ्रिक्वेन्सींवर) चालते, असेच यंत्र घ्यावे. एकदाच्या शोधासाठी विकत घेण्यापेक्षा ज्याच्याकडे असे यंत्र आहे त्याला सोबत नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून त्या मिटतात आणि वरची ढेकळे खाली, खालची माती वर असे तिचे पालटणे वर्षानुवर्षे चालू असते. म्हणजे नवांपैकी काही रुपये भेगेतून यंत्राच्या आवाक्याबाहेर उतरले असतील, तर काही नांगरटीने पुन्हा वर आले असतील. नांगर आणि वखर वस्तूला आपल्या चालण्याच्या दिशेने ओढतात, आणि उतार असेल तर पाणीही तिला खाली नेते. म्हणून आईंनी दाखवलेल्या जागेभोवती गोल न आखता, नांगराच्या तासांच्या दिशेला आणि उताराला लांबट असा पट्टा आखावा.

शोधासाठी पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) उपटून वखरणी झाल्यानंतरचा काळ निवडावा. त्या वेळी भेगा बुजलेल्या असतात आणि जमीन सपाट असते. उघड्या भेगेवरून तबकडी गेली की यंत्र खोटे बोलते, आणि ढेकळांमुळे तबकडी चार बोटे उचलली गेली तर वीतभर पोहोचीतील तेवढी खोली फुकट जाते. दोन सुतळ्या ताणून हातभर रुंदीचा पट्टा करावा, तबकडी जमिनीला समांतर ठेवून हळू फिरवावी, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवावी. पट्टे संपल्यावर तेच क्षेत्र आडव्या दिशेने पुन्हा तपासावे, कारण उभे रुतलेले नाणे एका बाजूने मुके राहते आणि दुसऱ्या बाजूने बोलते. विहिरीवरचा विजेचा पंप बंद ठेवावा आणि मोबाईल खिशात ठेवू नये.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र अवश्य करावी. हाती असलेल्या दोन रुपयांपैकी एक त्याच वावरात चार बोटे खोल आणि मग आठ बोटे खोल पुरून त्याचा आवाज व आकडा दोन-तीन जणांनी ओळखीचा करून घ्यावा. त्या जागी खुंटी रोवावी, नाही तर तोही हरवेल. सरावासाठी आजचे एक किंवा दोन रुपयांचे नाणे चालणार नाही. ते लोहयुक्त पोलादाचे असून चुंबकाला चिकटते आणि लोखंड वगळण्याची सोय चालू असेल तर यंत्र त्याला गाळूनही टाकू शकते. चांदीच्या जाड रुपयाचा आवाज स्पष्ट आणि स्थिर असतो. कीटकनाशकाच्या बाटल्यांची झाकणे, गुटख्याच्या पुड्या, तारेचे तुकडे आणि बैलांच्या नाला आपल्याला कैक वेळा खाली वाकायला लावतील. पहिल्या दिवशी एकही रुपया मिळाला नाही तर निराश होऊ नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर मुलांना त्या पट्ट्यात नुसत्या डोळ्यांनी पाहायला लावावे, कारण धुऊन वर उघडे पडलेले नाणे यंत्रावाचूनही दिसते.

प्रश्न : आमच्या गावाशेजारी पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, मोठे टेकाड आहे. लोक तेथून घरांसाठी माती नेतात. मागच्या पावसाळ्यात एका मुलाला तेथे चार-पाच लहान, हिरवट, ओबडधोबड नाणी मिळाली. आम्ही काही मित्र यंत्र आणून टेकाड आणि जुनी गढी तपासण्याच्या विचारात आहोत. गावातील काही जण गुप्तधन आहे म्हणून एका मांत्रिकालाही बोलावू पाहतात.
— एक महाविद्यालयीन वाचक, जि. अमरावती

उत्तर : हा विचार आपण सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या पत्रातील वावर आणि हे टेकाड यांत मूलभूत फरक आहे. तेथे हरवलेल्या वस्तूचा मालक ठाऊक आहे आणि माती दरवर्षी नांगरली जाते. पांढरीत मात्र एका वस्तीवर दुसरी वस्ती बसलेली असते आणि तिचा प्रत्येक थर हा पुराव्याचा कागद असतो. विदर्भाचा प्राचीन इतिहास पवनी, अडम आणि कौंडिण्यपूर येथील अशाच टेकाडांतून, थरामागून थर उलगडत बाहेर आला आहे. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत होते हे कळले तर ते बोलते. यंत्राने शोधून खुरप्याने उपटले की त्याच्याजवळ सांगण्यासारखे फारसे उरत नाही, आणि त्याच्यासाठी पाडलेला खड्डा वरच्या-खालच्या थरांचीही सरमिसळ करून टाकतो.

१९३९ मध्ये तऱ्हाळा येथे, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात, सातवाहनांच्या हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. तांबे, शिसे आणि कथिल यांच्या मिश्रधातूची ती ओबडधोबड नाणी कुणाला भंगार वाटली असती. परंतु प्राचीन इतिहासाचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अभ्यासली तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावे पुढे आली. तो साठा फुटून बाजारात गेला असता तर ही नावे आपल्याला कळलीच नसती. आपल्या गावातील ती चार-पाच नाणी त्याच काळातली आहेत असे मी पत्रावरून म्हणणार नाही, पण तज्ज्ञांनी ती पाहणे आवश्यक आहे.

कायदाही स्पष्ट आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती काय व किती आहे, कोठे आणि कधी सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कळवले नाही तर ज्याला वस्तू सापडली त्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवणाऱ्याला मात्र हा कायदा रिकाम्या हाताने पाठवत नाही : मूळ मालक पुढे आला नाही आणि ज्याला वस्तू सापडली तो व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो, शासनाने वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर तिचा एक पंचमांश अधिक दिला जातो. टेकाड किंवा गढी संरक्षित असेल तर परवान्याशिवाय खोदणे हाच गुन्हा आहे. त्या मुलाने घाबरण्याचे कारण नाही. त्याच्या पालकांनी तहसील कार्यालयामार्फत लेखी कळवावे आणि नोंदीची पोच घ्यावी.

मांत्रिकाचे नाव निघाले असेल तर ती बैठक तेथेच थांबवावी. धनाच्या शोधासाठी अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गुप्तधनाच्या नादात आपल्याच भागात माणसांचे जीव गेलेले आहेत. अशा हालचालीची कुणकुण लागताच पोलीस पाटलांना सांगावे. मैत्रीखातर गप्प राहू नये.

प्रश्न : शाळेतील मुलांनी जुनी तांब्याची नाणी आणली आहेत. चिंचेने घासून स्वच्छ केली तर चालेल काय?
— एक शिक्षिका, जि. चंद्रपूर

उत्तर : मुळीच नाही. चिंच, लिंबू आणि राख ही पितळी भांड्यांसाठी ठीक आहेत. नाण्यावरचा गुळगुळीत हिरवा थर हे त्याचे कवच असते आणि अक्षरे पुष्कळदा त्या थरातच टिकलेली असतात. आम्लाने तो गेला की अक्षरेही जातात. केवळ सैल माती मऊ कोरड्या कुंचल्याने झाडावी. एखाद्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर ते इतरांपासून वेगळे आणि कोरडे ठेवावे, कारण ती क्षारांमुळे होणारी झीज असून दमट हवेत वाढत जाते. प्रत्येक नाणे प्लॅस्टिकऐवजी कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवून पाकिटावर कोणी, कोणत्या दिवशी, कोणाच्या वावरात, कोणत्या झाडाच्या किंवा धुऱ्याच्या जवळ आणि किती खोलीवर ते पाहिले, हे त्या मुलाकडूनच लिहून घ्यावे. जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाच्या पत्रातही हीच माहिती लागेल.