वाशीतल्या शाळा आणि हॉटेलांचा ओला कचरा गोळा करून खत करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

गाडी नंतर बघा, आधी कचरा वेगळा करायची सवय लावा. शाळेत हात धुण्याच्या जागेशीच झाकणाची बादली ठेवा आणि सुरुवातीला तिथे माणूस उभा करा. सॉसच्या पुड्या एकदा आत गेल्या की निवडणाऱ्याचे फार हाल होतात. हॉटेलचं उरलेलं अन्न ओलं, तेलकट असतं. पाणी निथळू द्या, दुप्पट सुका पाला मिसळा, नाहीतर आंबूस वास सुटतो आणि शेजारी तक्रार करतात, रास्तच आहे. पावसाळ्यासाठी पाला उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवा. दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं घनकचरा नियम सांगतात. मोठ्या हॉटेलांशी बोलताना हे जरूर सांगा.